म्हातारी कुणी ठरवली?

माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करते.

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईची माहिती आम्ही एका छापील तक्त्यात भरून घेतो. नाव, पत्ता, वय, शिक्षण, काम, तक्रार कुणाविरुद्ध. दोन वर्षांपूर्वी भर पावसात एक बाई आल्या. नऊवारी नेसलेल्या, केस पिकलेले, समोरचे दोन दात पडलेले. काखेत कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. 'घरातून काढलं, खायला देत नाहीत,' एवढं त्या बोलल्या आणि माझं पेन भराभर चालायला लागलं. 'वृद्ध महिला. मुलगा-सून सांभाळत नाहीत. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करणे.' समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि बारा वर्षांचा अनुभव गाठीला असला, की माणसाचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच लिहून होतं.

लिहिलेलं वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "ताई, मुलाचं नाव कुठून आलं यात? मुलगा सुरतेला असतो, जमेल तसे पैसे धाडतो बिचारा. मला नवऱ्यानं काढलंय. चौतीस वर्षं मार खाल्ला, आता दुसरी आणून ठेवलीय. मला त्याच्याकडून पोटगी पाहिजे आणि माझ्या घरात जागा पाहिजे. तुम्ही मला म्हातारी करून माझी केसच बदलून टाकली की!"

तक्त्यातला वयाचा रकाना मी रिकामाच ठेवला होता. विचारलं तेव्हा कळलं, बाई चोपन्न वर्षांच्या. नवऱ्याविरुद्ध दाद मागायला आलेली बायको मला दिसलीच नव्हती. मला दिसली ती मुलानं टाकलेली आई. पिकलेल्या केसांनी मला जे सांगितलं, ते मी खरं मानलं. बाईला विचारायची गरज मला वाटली नाही.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागले, की बाईला म्हातारी कोण म्हणतं, केव्हा म्हणतं आणि कशासाठी म्हणतं.

सरकारदरबारी म्हातारपणाचे आकडे बरेच आहेत. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाच्या कायद्याप्रमाणे साठ वर्षं पूर्ण झाली, की माणूस ज्येष्ठ नागरिक. राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन पासष्टीनंतर. एसटीत पासष्टीपुढे अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढे फुकट प्रवास. रेल्वेत ज्येष्ठांना सवलत होती तेव्हा पुरुषांना साठाव्या वर्षापासून मिळायची, बायकांना अठ्ठावन्नाव्या. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. म्हणजे एकच बाई रेल्वे स्टेशनवर म्हातारी होती आणि तहसील कचेरीत तिला म्हातारी व्हायला अजून सात वर्षं बाकी होती!

बरं, हे आकडे तरी सिद्ध कसे करायचे? वस्तीतल्या बायकांना वय विचारावं तर त्या सन सांगत नाहीत, गोष्ट सांगतात. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होते.' 'बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची, थोरली पोटात होती.' शाळेत गेलेल्यांचा जन्म मास्तरांनी १ जूनचा लिहिला, न गेलेल्यांचा आधारकार्डानं १ जानेवारीचा करून टाकला. आधारकार्ड काढताना कुणीतरी अंदाजानं चार वर्षं कमी लिहिली, म्हणून निवृत्तिवेतनाला चार वर्षं मुकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आयुष्यभर ज्या बाईच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नाही, तिच्याकडे शेवटी सरकार जन्माचा दाखला मागतं.

घरातलं पंचांग मात्र निराळं आहे. तिथे दाखला लागत नाही.

घरातल्या पंचांगाप्रमाणे बाई पहिल्यांदा म्हातारी होते ती लग्नाआधी. मी एम.एस.डब्ल्यू. करून नोकरीला लागले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि एका नातेवाईक बाईंनी माझ्या आईला माझ्यासमोर विचारलं, "या घोडनवरीचं आता करायचं काय?" दुसऱ्यांदा ती म्हातारी होते पाळी गेली की. तिसऱ्यांदा सून आली की. आणि नवरा गेला, तर वय कितीही असो, त्याच दिवशी. यातली एकही पायरी तिनं जगलेल्या वर्षांवरून ठरत नाही. नवरा मिळेल का, मूल होईल का, घरात दुसरी काम करणारी आली का, नवरा आहे का, यांवरून ठरते. दुसऱ्यांना तिचा उपयोग किती, हे मोजण्याचं ते माप आहे.

पुरुषाचं माप काय असतं पाहा. तो साठ वर्षांचा झाला की साठीशांत होते, पंच्याहत्तरीला अमृतमहोत्सव, एक्याऐंशीच्या सुमाराला सहस्रचंद्रदर्शन. बायको शेजारी पाटावर बसते, पण वर्षं मोजलेली असतात ती त्याची. तिची साठी कधी आली नि गेली, हे तिलाही आठवत नाही. त्या दिवशीही बहुधा ती पाहुण्यांसाठी पुरण वाटत असावी.

हे फक्त घरात चालतं असं नाही. नोकरीच्या बाजारातही बाईचं वय वेगळं मोजलं गेलं आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना त्या काळच्या नियमांनी पस्तिसाव्या वर्षी नोकरी सोडावी लागे. मुदतवाढ मिळालीच तर वरिष्ठांच्या मर्जीनं. त्यांच्या बरोबरीनं विमानात काम करणारे पुरुष अठ्ठावन्नापर्यंत नोकरीत राहत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी बायका हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८१ च्या निकालानं पहिल्या गरोदरपणात नोकरी जाण्याचा नियम रद्द झाला, ही मोठीच गोष्ट. पण पस्तिशीचा नियम त्या निकालानं उडाला नाही.

आणि ऊसतोडणीच्या फडात? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी सरकारी समितीनं केली. ब्याऐंशी हजारांवर बायकांची माहिती घेतली, त्यांत तेरा हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा दंड कापला जातो, अंगावरून जाण्याचा त्रास असतोच, आणि कुणीतरी डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल. त्यांतल्या कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. कंबर गेली, हाडं दुखतात, अंगाची आग होते. त्यांच्या शरीराला म्हातारपण आणून ठेवलं ते कामानं आणि कामाच्या अटींनी. पुढच्या हंगामाला मात्र कोयता म्हणून त्या जोडीनं पुन्हा फडात उभ्या असतात.

इथेच मला या प्रश्नाची गाठ दिसते. बाईला म्हातारी ठरवलं, की तिच्याकडून काय काय काढून घेतलं जातं आणि काय तिच्याकडेच ठेवलं जातं, याची यादी करून पाहावी.

काढून घेतलं जातं ते बोलणं. 'आई, तुला काय कळतंय त्यातलं!' कपाटाची किल्ली जाते. बँकेच्या पुस्तकावर अंगठा तिचा, पैसे दुसऱ्याच्या हातात. हौस जाते. पन्नाशीच्या विधवेनं हिरवं लुगडं नेसलं, की 'म्हातारचळ लागला' म्हणायला गाव मोकळं. साठीच्या विधुरानं लग्न केलं तर मात्र 'त्याचं करायला कुणीतरी हवंच ना' म्हणून तेच गाव अक्षता टाकायला जातं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, दाद मागण्याचा हक्क जातो. माझ्याकडे आलेल्या त्या बाई आधी पोलिसांकडे गेल्या होत्या. तिथं त्यांना सांगितलं गेलं, "आजी, आता या वयात कशाला केस करता? देवाचं नाव घ्या." आता या वयात! हे तीन शब्द मी इतक्या ठिकाणी ऐकले आहेत, की ते कुठल्यातरी कायद्याचं कलम असावं असं वाटायला लागलं आहे. मारणाऱ्या हाताला कुणी विचारत नाही, की बाबा, आता या वयात कशाला मारतोस?

आणि काय काढून घेतलं जात नाही? काम. नातवंडं सांभाळणं, दळण, निवडणं-टिपणं, आजाऱ्याचं अंथरूण, रात्रीचं उठणं. माझ्या ओळखीच्या एक मावशी त्रेसष्ट वर्षांच्या आहेत, चार घरची धुणीभांडी करतात. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. त्यात नोंदणी अठरा ते साठ वर्षांपर्यंतच होते. म्हणजे मंडळाच्या हिशेबानं मावशी आता कामगार नाहीत. श्रावणबाळ योजनेला पासष्ट लागतात, म्हणजे तिथल्या हिशेबानं त्या म्हाताऱ्याही नाहीत. मग या मधल्या पाच वर्षांत त्या कोण? त्यांनाच विचारलं तर म्हणाल्या, "मी कोण ते भांड्यांना विचारा."

सरकारनं बायकांसाठी काढलेल्या योजनांची नावं वाचली, तरी पुष्कळ कळतं. २०२४ साली सुरू झालेली लाडकी बहीण योजना एकवीस ते पासष्ट वर्षांपर्यंत. महिना दीड हजार, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पासष्टी ओलांडली की बहीणपण संपतं आणि बाईनं श्रावणबाळाच्या दारात जायचं. जुलै २०२३ पासून तिथेही दीड हजारच, पण तिथली उत्पन्नाची अट वर्षाला एकवीस हजारांची! चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या आत असलेली बाई गरजू असते, आणि पासष्टीनंतर तिला गरजू ठरायला महिन्याला पावणेदोन हजारांच्या वर उत्पन्न नको. म्हातारपणी गरज वाढते की कमी होते? शिवाय श्रावणबाळ हे नाव तरी कसं निवडलं पाहा. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून नेणारा तो मुलगा. म्हणजे जन्मभर राबलेल्या बाईला मिळणारे पैसे तिच्या श्रमाचे नाहीत. मुलानं करायचं ते सरकार करतंय, एवढंच. आधी कुणाची बहीण, मग कुणाची आई. नुसती बाई म्हणून, कामकरी म्हणून, नागरिक म्हणून तिला हक्काचं कधी मिळणार?

यावर दोन गोष्टी मला नेहमी ऐकवल्या जातात. पहिली अशी, की आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना मान असतो, हे पाश्चात्त्यांचं खूळ इथे आणू नका. मान असतो, हे खरंच आहे. सणावाराला पाया पडतात, लग्नात पहिली अक्षता तिच्याकडून घेतात. पण पाया पडणारा हातच सह्यांच्या कागदावर तिचा अंगठा उमटवून घेतो, हेही आम्ही रोज पाहतो. मानाला दावा लावता येत नाही. हक्काला लावता येतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. 'अहो, म्हाताऱ्या बाईचीच तर घरात सत्ता असते. सुनेला छळणारी सासू विसरलात का?' विसरलेली नाही. माझं निम्मं काम अशा सासवांविरुद्धच चालतं. पण ही सत्ता तिला मिळते कुठून? मुलाकडून. मुलगा फिरला की सत्ताही फिरते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातलं एक प्रकरण होतं. घर मुलाकडून बापाकडे आणि बापाकडून आईच्या नावे फिरलेलं, आणि सासूसासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेऊन सुनेला बाहेर काढण्याचा हुकूम मिळवलेला. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला दिलेला राहत्या घराचा हक्क या मार्गानं पुसता येणार नाही. मला या निकालाचं महत्त्व असं वाटतं, की म्हातारीच्या नावावर सुनेला बेघर करायचं आणि सुनेच्या नावावर म्हातारीला, हा खेळ पुष्कळदा तिसराच कुणीतरी खेळत असतो. दोघींपैकी एकीच्याही नावावर आधीपासून घर नसतं, म्हणून तर तो खेळता येतो.

आता थोडं आपल्याविषयी. मैत्रिणींनो, आपण तरी कुठे वेगळं वागतो? १९७५ च्या आसपास मोर्च्यांत घोषणा देणाऱ्या ज्या मैत्रिणी पंचविशीत होत्या, त्या आज पंच्याहत्तरीला आल्या आहेत. शिबिरात आपण त्यांना पंख्याखालची खुर्ची देतो, दिवा लावायला बोलावतो, चार आशीर्वादाचे शब्द बोलायची विनंती करतो आणि चर्चेचे गट पाडताना त्यांना विसरतो. हुंडा, बलात्कार, कामाच्या ठिकाणचा छळ यांवर आपण ढीगभर लिहिलं. साठीतल्या बाईला बसणारा नवऱ्याचा मार, तिच्या शरीराची इच्छा, तिचं एकटं राहणं यांवर आपल्या पानांत किती आलं? माझ्यापुरतं सांगायचं तर गेल्या वर्षी भाजीवाल्यानं मला 'ताई'ऐवजी 'मावशी' म्हटलं आणि मला ते दिवसभर लागून राहिलं. चळवळीतली बाई मी! मग वाटलं, की मावशी होण्यात लागण्यासारखं काय आहे? म्हातारपणाची नालस्ती माझ्याही मनात घर करून बसली आहे, म्हणून तर ते लागलं. ती तशीच ठेवून मी दुसऱ्या बाईला हक्क काय सांगणार?

एक मात्र आठवून पाहा. लहानपणी ऐकलेल्या भोपळ्याच्या गोष्टीतली म्हातारी लेकीकडे जायला एकटीच जंगलातून निघाली होती. वाघाला, कोल्ह्याला तिनं बोलण्यात गुंडाळलं, लेकीकडे तूपरोटी खाऊन चांगली जाडजूड झाली आणि परत आपल्या घरी आली. 'आता या वयात कशाला निघालीस,' असं त्या गोष्टीत तिला कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

तर मागायचं काय? निवृत्तिवेतन साठीपासून, आणि उत्पन्नाच्या एकवीस हजारांच्या अटीशिवाय. घरकामगार बाई काम करते तोवर तिला कामगारच धरावं, साठीला तिचं नाव पुसू नये. घर आणि जमीन दोघांच्या नावे, आणि तीही लग्न नवं असतानाच. पिकलेल्या केसांनी ते मागायला जाणं फार महाग पडतं. तोवर आपल्या आसपासच्या बायकांना हे तरी सांगू या, की आई असेल तर २००७ च्या कायद्याखाली मुलांकडून चरितार्थ मागायला साठीची अट नाही. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायचंच असेल, तर 'मला सांभाळण्याच्या अटीवर' हे त्यात लिहून घ्यावं. अट मोडली तर त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमानं ते रद्द करून मागता येतं. आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात बाईच्या वयाला वरची मर्यादा नाही. पोलीस ठाण्यात, कचेरीत, आपल्या सल्ला केंद्रातही 'आता या वयात' कानावर आलं, की हे तिथल्या तिथे सांगावं.

आमच्या केंद्राच्या तक्त्यात आता 'वृद्ध' हा शब्द लिहायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. वय विचारायचं, आणि बाई काय मागते ते तिच्या शब्दांत लिहायचं. एवढ्यानं जग बदलत नाही. पण चुकीचा अर्ज तरी जात नाही.

त्या बाईंचा पोटगीचा आणि घराचा अर्ज अजून चालू आहे. नवरा तारखा चुकवतो. बाई चुकवत नाहीत. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यावर त्या खूश आहेत. मागच्या तारखेला म्हणाल्या, "कंडक्टर वय विचारत नाही, ताई. बाई आहे एवढं बघतो आणि तिकीट फाडतो. कोर्टालाही तेवढंच बघायला सांगा."

तुमच्या घरात, गावात, कामाच्या ठिकाणी बाईला म्हातारी कधी आणि कुणी ठरवलं, ते जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू. आणि लिहायला बसण्याआधी घरातल्या आजीलाही विचारा. कदाचित तिला स्वतःलाच लिहायचं असेल.